केडल्स्टन: कर्झनच्या घरी चालत जाऊ नका

"मामा, तासाभराची चाल आहे, सरळ रस्ता," असं इंग्लंडमधल्या डर्बीत राहणाऱ्या भाच्याने सांगितलं आणि मोबाइलवरच्या नकाशानेही तीच रेघ दाखवली. दोघांवरही विश्वास ठेवू नका. डर्बी शहरापासून केडल्स्टन हॉल, म्हणजे व्हाइसरॉय कर्झनचं वडिलोपार्जित घर, पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर आहे. रेल्वे स्टेशनवरून निघालात तर त्यात आणखी भर. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला आठ किलोमीटर सपाटी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे अंतराबद्दल माझं काही म्हणणं नाही. भांडण आहे ते शेवटच्या तुकड्याशी.

विद्यापीठापर्यंत केडल्स्टन रोड अगदी शहाण्यासारखा वागतो. दोन्ही बाजूंना घरं, रुंद फुटपाथ, थांबे. पुढे वस्ती विरळ होते आणि एका जागी फुटपाथ संपतो. कसली पाटी नाही, सूचना नाही, संपतो म्हणजे संपतोच. दोन्ही अंगांना उंच झुडपांचं कुंपण रस्त्याला इतकं चिकटलेलं की गाडी आली तर अंग चोरून काट्यांत शिरायचं. रस्ता वळणावळणाचा, त्यामुळे समोरचा ड्रायव्हर आपल्याला पाहतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. बाजूच्या चरात पाणी आणि चिखल, वरून रिपरिप. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेतही वरून दगड येतात, पण ते ताशी पन्नास मैलांनी येत नाहीत. मी डांबरावर इतका घाबरून कधी चाललो नव्हतो.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: हा तुकडा पायी करू नका. मुलं बरोबर असतील तर विचारही नको. चालायचंच असेल तर भडक रंगाचं जॅकेट घाला, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला, आणि आंधळं वळण आलं की कड बदला. बस आहे, पण फेऱ्या कमी. वेळापत्रक त्याच आठवड्याचं बघा, मागच्या वर्षी कुणी काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

आता टॅक्सी. परतताना चालण्याची हिंमत नव्हती. घराभोवतीच्या उद्यानात फोनला रेंज धड मिळत नव्हती. अखेर जो टॅक्सीवाला आला त्याने आधी एक आकडा सांगितला आणि स्टेशनवर उतरवताना "गावाबाहेरून उचललं" म्हणून वेगळाच लावला. भाच्याच्या मते शहरातून जाताना जे पडतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. यावर इलाज एकच. सकाळी टॅक्सीनेच जा, त्याच माणसाशी परतीची वेळ आणि रक्कम ठरवा आणि ती मेसेजवर लिहून घ्या.

इतका राग काढल्यावर कुणी विचारेल, मग जायचंच कशाला? तर जॉर्ज नॅथॅनियल कर्झन या माणसासाठी. आपल्याकडे तो 1905 ची बंगालची फाळणी आणि त्यापाठोपाठ आलेली स्वदेशीची चळवळ यांमुळे शाळेच्या पुस्तकात भेटतो आणि तिथेच संपतो. इथे त्याचं उरलेलं आयुष्य आहे.

पण घराकडून त्या माणसाची अपेक्षा ठेवू नका. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, मुख्य दालनं पाहा, डोळे दिपतील. दिपतात, नाही असं नाही. संगमरवरी हॉलमध्ये अलाबास्टर या मऊ, चकचकीत दगडाचे वीस खांब, प्रत्येक पंचवीस फूट उंच. त्यामागचं गोल दालन रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावरून बेतलेलं, घुमट बासष्ट फुटांवर. रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराचं नाव ज्या कामांवर चालतं त्यांतलं हे एक. पण हे सगळं 1759 पासून उभं राहिलेलं, कर्झनच्या पूर्वजाने, पहिल्या लॉर्ड स्कार्सडेलने पाहुण्यांना दाखवण्यासाठी बांधलेलं. राहण्यासाठी नाहीच. उद्यान मनासारखं व्हावं म्हणून त्याने मूळ गावच उठवून दुसरीकडे नेलं. चर्च तेवढं हलवता आलं नाही, म्हणून ते आजही घराला खेटून उभं आहे. दालनांना पाऊण तास पुरे. तिथले स्वयंसेवक बोलके आहेत, पण ते चित्रांवर बोलतात. कर्झनबद्दल तुम्हालाच विचारावं लागतं.

एक गोष्ट मात्र बाहेर उभं राहून बघा. मूळ आराखड्यात चार कोपऱ्यांना चार उपवास्तू होत्या, बांधल्या गेल्या दोनच. गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लीने कलकत्त्यात गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे नंतरचं राजभवन, उभारलं ते याच घरावरून, 1803 मध्ये पूर्ण झालं, आणि त्याला चारही बाजू आहेत. खर्चावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी वेलस्लीला धारेवर धरलं. म्हणजे डर्बीशरच्या जमीनदाराला जे झेपलं नाही ते हिंदुस्थानच्या महसुलातून झालं. 1899 मध्ये चाळिशीही न गाठलेला कर्झन व्हाइसरॉय होऊन त्याच वास्तूत राहायला गेला. आपल्याच घराच्या मोठ्या नकलेत!

मग कर्झन कुठे सापडतो? तीन जागी: बागेत, तळमजल्यावर आणि चर्चमध्ये.

बागेत, कारण त्याचं बालपण तिथे गेलं आणि ते भयाण होतं. वडील लॉर्ड आणि वर त्याच गावचे धर्मगुरू. मुलं अकरा. आई 1875 मध्ये गेली तेव्हा हा सोळा वर्षांचा. पण त्याच्या आधीची वर्षं मिस पॅरामन नावाच्या गव्हर्नेसच्या, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या, हाती गेली. ती मुलांच्या डोक्यावर सुळक्यासारखी टोपी चढवायची, त्या टोपीवर 'खोटारडा', 'भित्रा' असली लेबलं लावायची आणि माळी, गावकरी पाहतील अशा बेताने उद्यानातून फिरवायची. स्वतःला मारायच्या छड्या तयार ठेवाव्यात असं पत्र या मुलाला नोकराला लिहावं लागायचं. पुढे किशोरवयात घोड्यावरून पडून पाठीचा कणा दुखावला आणि जन्मभर चामड्याचा पट्टा कंबरेला आला. ऑक्सफर्डमध्ये पोरांनी त्याच्यावर 'फारच वरच्या दर्जाचा माणूस' अशी टवाळी करणारं कवन रचलं, ते त्याला मरेपर्यंत चिकटलं. ताठपणाचं निम्मं कारण तो पट्टा असावा, असं मला वाटतं. उरलेल्या निम्म्याला माफी नाही.

तळमजल्यावर त्याचं पौर्वात्य संग्रहालय आहे आणि बहुतेक लोक पाय दुखायला लागल्यावर तिथे पोचतात. तुम्ही आधी तिथे जा. हस्तिदंत, शस्त्रं, चांदीची मानपत्रं ठेवायच्या नळकांड्या, कुठल्या कुठल्या संस्थानिकांचे नजराणे. यातलं भेट म्हणून आलेलं किती आणि देणाऱ्याला नाही म्हणायची सोय किती होती, हा प्रश्न प्रत्येक कपाटासमोर पडतो. मधोमध तो प्रसिद्ध मोराचा पोशाख. 1903 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लाल किल्ल्यातल्या नृत्यसमारंभात कर्झनच्या बायकोने, मेरीने घातलेला. जरदोजी दिल्लीच्या कारागिरांची, शिवण पॅरिसच्या वर्थ या नामांकित कपडेघराची. वजन साडेचार किलोच्या आसपास. मोरपिसाच्या डोळ्यात जे हिरवं चमकतं ते रत्न नसून भुंग्याच्या पंखाचं कवच आहे. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. नेमक्या त्या वेळी दुष्काळातून नुकत्याच बाहेर आलेल्या देशात दरबारावर झालेल्या खर्चाबद्दल आपली वर्तमानपत्रं काय लिहीत होती, हे आठवत तो पोशाख पाहिला की तो वेगळाच दिसतो.

मेरी लायटर शिकागोच्या लक्षाधीशाची मुलगी. लग्न 1895 मध्ये वॉशिंग्टनला. कर्झनच्या राजकारणाला तिच्या वडिलांचा पैसा उभा होता हे उघड गुपित. मुली तीन: आयरीन, सिंथिया आणि अलेक्झांड्रा. धाकटीचं मधलं नाव नालदेरा, शिमल्याजवळच्या गावावरून. वारस मुलगा झालाच नाही आणि ही खंत त्या घरात कायम होती. मेरी 1906 मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली, हिंदुस्थानातून परतल्यावर काही महिन्यांत.

म्हणून चर्च. हे सोडून आलात तर केडल्स्टनला गेलाच नाहीत. त्याची देखभाल वेगळ्या विश्वस्त संस्थेकडे आहे, तेव्हा उघडं असल्याची खात्री वेगळी करा. आत शतकानुशतकांचे कर्झन आडवे पडलेत, कारण हे घराणं बाराव्या शतकापासून इथेच आहे. उत्तरेच्या बाजूला मेरीसाठी बांधलेली स्मारकखोली आहे. तीत पांढऱ्या संगमरवरात मेरी, शेजारी तो स्वतः आणि वर मुकुट धरून वाकलेले दोन देवदूत. शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल. हातात हात आहेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 च्या डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून कर्झनची तुलना औरंगजेबाशी केली होती. त्यात अविश्वास आणि दडपशाही होतीच, पण कर्तव्याची जाणीव, कामाचा अचाट उरक आणि एकटेपणाही मोजला होता. शत्रूचं इतकं न्याय्य मोजमाप मी दुसरं वाचलेलं नाही, आणि त्या खोलीत उभं राहिल्यावर गोखल्यांनी 'एकटेपणा' का म्हटलं ते पटलं.

नंतरचं घराणं म्हणजे भांडणंच. ग्रेस डगनशी 1917 मध्ये दुसरं लग्न, त्याआधी एलिनॉर ग्लिन या लेखिकेशी दीर्घ संबंध. तिला साखरपुड्याची बातमी वर्तमानपत्रातून कळली! आईकडून आलेल्या पैशावर मुलींनी हक्क सांगितला तेव्हा थोरल्या दोघींशी बिनसलं. सिंथियाने ओस्वाल्ड मोस्लीशी लग्न केलं, 1929 मध्ये मजूर पक्षाकडून निवडून आली आणि 1933 मध्ये वारली. नवरा तोवर फॅसिस्टांचा पुढारी झालेला होता. आयरीन 1958 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. बापाला हे पाहवलं असतं का कोण जाणे, तो स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्धच्या संघटनेचा अध्यक्ष होता.

थोडं कामाचं. घर रोज उघडं नसतं आणि हिवाळ्यात बंद असतं, उद्यान मात्र असतं. तारीख पाहून जा. तिकिटाच्या खिडकीवर 'गिफ्ट एड', म्हणजे देणगीवरची कर-सवलत, विचारतील, ती सोय ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. पर्यटकाने नको म्हणावं आणि साधा दर द्यावा. उद्यानातल्या वाटा मेंढ्यांच्या कुरणातून जातात, पावसानंतर घोट्यापर्यंत चिखल. जिने असलेल्या घरात त्या बुटांनी जाऊ नका. ॲडमचा तीन कमानींचा पूल आणि तळं सुंदर आहे, त्याचे फोटो सगळीकडे मिळतील. दुसऱ्या दिवशी चॅट्सवर्थ हे डर्बीशरमधलंच दुसरं मोठं घर झालं, तेही छान होतं, त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय.

कर्झनच्या मागे आणखी जायचं असेल तर लिंकनशरचा टॅटरशॉल किल्ला घ्या. तिथल्या जुन्या दगडी शेकोट्या विकून परदेशी निघाल्या होत्या, त्या त्याने अडवून परत आणल्या आणि मरताना किल्ला देशाला दिला. हिंदुस्थानात 1904 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणणारा माणूस तो हाच. राजकारणातला त्याचा शेवट पाहायचा तर सॉमरसेटमधलं माँटक्यूट. त्याने भाड्याने घेतलेल्या या घरात 1923 च्या मे महिन्यात लंडनला बोलावणारी तार आली. आपण पंतप्रधान होणार या खात्रीने तो निघाला आणि तिथे पोचल्यावर बाल्डविनचं नाव कळलं. त्याच्या खोलीतल्या लाकडी कपाटाचं दार उघडायला सांगा, आत न्हाणीचा टब आहे.