बॉडी कधी येतली?

दुबईत कोकणातला कोणी अचानक गेला की पहिल्या तासाभरात गावाहून हाच प्रश्न येतो, आणि उत्तर मिळेपर्यंत येत राहतो. विचारणाऱ्याचा दोष नाही. गावात सकाळी माणूस गेला तर दुपारपर्यंत सगळं उरकतं, तिथे चार-पाच दिवस वाट बघणं मनाला झेपत नाही. पण पुढच्याच फोनवर "तिकडे माणुसकीच नाय" असं ऐकलं की फार लागतं. ते दिवस कुठे जातात हे इथल्यांना ठाऊक असतं, आणि त्यातला एखादा बऱ्याचदा गावातच अडकलेला असतो.

मृत्यू हॉस्पिटलात झाला तर तिथूनच मृत्यूची सूचना निघते. खोलीवर किंवा लेबर कॅम्पमध्ये झाला तर आधी 999 ला फोन करायचा. पोलीस येईपर्यंत देह हलवायचा नाही, अंथरूणही आवरायचं नाही. देह शवागारात जातो, डॉक्टर कारण ठरवतात, मग पोलिसांचं ना-हरकत पत्र मिळतं. झोपेत हृदय बंद पडलं असेल तर हे लवकर होतं. साइटवरचा अपघात किंवा आत्महत्या असेल तर चौकशी संपेपर्यंत कोणाच्याही ओळखीचा उपयोग नाही. नंतर मृत्यू दाखला. तो घेऊन भारतीय वाणिज्य दूतावासात जायचं. तिथे पासपोर्ट रद्द होतो, मृत्यूची नोंद होते, देह नेण्याचं पत्र मिळतं. व्हिसा नोकरी देणारा मालक रद्द करतो. शेवटी एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून औषध भरणं, त्याचं सर्टिफिकेट, पेटी आणि कार्गोचं बुकिंग. ड्युटी संपवून, कधी पगार कापून घेऊन, या फायली घेऊन धावणारी माणसं इथे आहेत. कित्येकदा ती मल्याळी असतात आणि गेलेल्याला कधी भेटलेलीही नसतात. याला माणुसकी नाही तर काय म्हणायचं?

गावाकडचा कागद एकच असतो. जवळच्या वारसाने लिहून द्यायचं की देह अमुक माणसाच्या ताब्यात द्या, गावी पाठवा किंवा इथेच अंत्यविधी करा. सोबत वारसाचं ओळखपत्र. आणि इथेच गाडी थांबते, कारण नाव जुळत नाही. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई, वडील आणि पती किंवा पत्नीचं नाव असतं. आपली पोरं लग्नाआधी पासपोर्ट काढून येतात, त्यामुळे पत्नीची जागा रिकामीच राहते. तिच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. देह पाठवताना यातून मार्ग काढता येतो, हक्काचे पैसे मागताना मात्र हेच रिकामं पान महिनोन् महिने छळतं. पासपोर्ट पुन्हा काढून त्यात पत्नीचं नाव घालता येतं. माणूस गणपतीला महिनाभर घरी असतो, तेव्हा हे काम होऊ शकतं. होत नाही, याचा मनापासून राग येतो.

पैशांचंही नीट समजून घ्या. कुटुंबाने मागणी केली तर देह पाठवण्याचा खर्च कायद्याने मालकाचा. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मिळते, हातात येणाऱ्या पूर्ण पगारावर नाही: पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे 21 दिवस, पुढे 30 दिवस. इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टवर इथे कामाला आलेल्यांचा प्रवासी भारतीय विमा असतो. अपघाती मृत्यूला 10 लाख रुपये, पॉलिसी चालू असेल तरच. ऐपत नसेल आणि मालकही हात वर करत असेल, तर दूतावासाकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यासाठी अर्ज करा. गेलेल्याच्या एटीएम कार्डाने पैसे मात्र काढू नका. मृत्यूनंतर खातं गोठतं, आणि असा व्यवहार पुढे अंगावर येतो. मुखत्यारपत्र करावं लागलं तर नुसतं नोटरीचं चालत नाही. राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातींचा दूतावास अशा तिन्ही पायऱ्यांवर शिक्के लागतात. आणि ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करून मागू नका. परदेशातल्या मृत्यूची नोंद दूतावासातच होते, तो दाखला जपा.

मुंबईला देह कार्गोत उतरतो, प्रवाशांच्या दारातून येत नाही. त्याआधी विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाची मंजुरी लागते. 2023 पासून हा अर्ज ई-केअर पोर्टलवर होतो: मृत्यू दाखला, एम्बामिंग सर्टिफिकेट, दूतावासाचं पत्र, रद्द पासपोर्टची प्रत. ताबा घेणाऱ्याचं नाव कागदांवर असेल तसंच त्याच्या ओळखपत्रावर हवं. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना गोव्याचा मोपा विमानतळ जवळ पडतो, पण तिथे जाणाऱ्या विमानाने मानवी देह नेतात का, ते बुकिंगआधी विचारा.

रुग्णवाहिका ठरवताना पेटीची लांबी सांगा, ती स्ट्रेचरपेक्षा मोठी असते. रत्नागिरीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, पावसात घाटात वेळ धरा. गाडी पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी थांबेल, तिथून पेटी सहा-आठ जणांनी उचलायची. ओढ्यावरचा साकव अरुंद असेल तर दुसरी वाट आदल्या दिवशी बघून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड हाताशी असू द्या. आत पत्र्याचं अस्तर असेल तर ते चितेवर जाता कामा नये. मुस्लिम घरांनी गुस्ल (अंत्यस्नान) आणि कफन दुबईतच व्हायचं का, हे पेटी बंद होण्याआधी कळवा.

चेहऱ्याचा रंग बदललेला असतो, औषधाचा उग्र वास येतो. म्हणून पेटी अंगणात आधी दोघा-तिघांनी उघडावी, वास जरा जाऊ द्यावा, आणि मग आईला पुढे आणावं.