आजी, अळंबी आणि कॅप्सूलची बाटली

मी पुण्यात एका मेमरी क्लिनिकमध्ये सायकॉलॉजिस्ट आहे, स्मृतीच्या टेस्ट घेते. जुलैमधली गोष्ट. मूळच्या सिंधुदुर्गातल्या एक आजी मुलासोबत आल्या होत्या, अल्झायमर, त्यासाठी डोनेपेझिलची गोळी लिहून दिलेली. तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी विचारले तर एकही आठवेना, वारसुद्धा चुकला. मागच्या खेपेला दोन तरी आले होते.

गोळ्या चालू आहेत ना विचारलं, तर मुलाने पिशवीतून लायन्स मेन मशरूमच्या कॅप्सूलची बाटली काढली. "दोन महिने झाले मॅडम, ती गोळी बंद केली, हे नॅचरल आहे, मेंदूच्या पेशी वाढतात म्हणे याने." माझ्या पोटात गोळाच आला. आईसाठी धडपडणाऱ्या माणसावर रागावणार तरी कसं?

त्याला सगळं सांगितलं. या मशरूममधली हेरिसेनोन, एरिनासिन ही द्रव्यं लॅबमध्ये पेशींना नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे मज्जापेशींना वाढायला मदत करणारं प्रथिन, बनवायला लावतात, हे खरंय. 2009 ला जपानमध्ये 50 ते 80 वयाच्या, थोडं विसरायला लागलेल्या 30 जणांवर अभ्यास झाला, निम्म्यांना 16 आठवडे रोज 3 ग्रॅम पावडर दिली, त्यांचे मार्क वाढलेही, पण बंद केल्यावर 4 आठवड्यांत पुन्हा घसरले. माणसं फक्त 30, आणि तीही अल्झायमरची नाहीत! एवढ्यावर चालू गोळी बंद करायची नसते हो.

मग त्याने हळूच विचारलं, आणि ते मॅजिक मशरूम? म्हटलं, त्यातल्या सायलोसायबिन या द्रव्यावर मुख्य काम चाललंय ते डिप्रेशनसाठी. 2022 मध्ये 233 पेशंटवरची ट्रायल छापून आली, 25 मिलिग्रॅमच्या एकाच डोसने तीन आठवड्यांनी बराच फरक दिसला, पण तोही थेरपिस्ट शेजारी बसवून, आणि डोकेदुखी, मळमळ होतीच. विसराळूपणाचं औषध म्हणून ते सिद्ध झालेलं नाही, आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली बंदी आहे ते वेगळंच.

मशरूम शब्द ऐकून आजी एकदम सावरून बसल्या. पहिल्या पावसानंतर वारुळावर अळंबी कशी उगवते, पहाटेच का जायचं, टोपलीत पानं कशी घालायची, सगळं धडाधड सांगितलं, शेवटी मुलाकडे बघून म्हणाल्या, "वळखीची नाय ती अळंबी घरात हाडूची नाय." मी टेस्टचा कागद बाजूला ठेवून ऐकतच राहिले.

डॉक्टरांनी त्याच दिवशी डोनेपेझिल पुन्हा कमी डोसपासून सुरू केली. निघताना मुलाने विचारलं, जेवणात बटण मशरूम दिले तर? म्हटलं, द्या की, खुशाल.

आजी दारातून वळल्या. "बटण? ती खयची अळंबी!"