वाळवीचा पंख आणि पाण्याचा थेंब : या पावसाळ्यातील नोंदी

सोलापुरात पहिला जोरदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी दारावरच्या ट्यूबलाइटभोवती वाळवीची पाखरे जमतात आणि सकाळी ओट्यावर त्यांच्या गळलेल्या पंखांचा थर साचतो. यंदा ते पंख झाडून न टाकता मी मऊ कुंचल्याने काडेपेटीत गोळा केले, कारण पावसाच्या दिवसांतच उडणाऱ्या या कीटकाचा इतका लवचीक पंख पाणी कसे सोसतो, हे मला जवळून पाहायचे होते.

पंखाचे मूळ टाचणीला डिंकाने चिकटवून त्यावर इन्सुलिनच्या सिरिंजने थेंब सोडले. सुरुवातीला बोअरचे पाणी वापरले, ते वाळल्यावर पंखावर क्षारांची पांढरी वर्तुळे उरली आणि ते सारे पंख टाकून द्यावे लागले. तेव्हापासून बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरतो. पाव मिलिलिटर पाण्याचे 40 थेंब पडले, म्हणजे एक थेंब सुमारे 6 मिलिग्रॅमचा आणि सव्वादोन मिलिमीटर व्यासाचा झाला.

असा थेंब पंखावर पसरला नाही. मोबाइलच्या क्लिप लेन्समधून पाहता तो गोलच राहिला होता आणि त्याच्याखालच्या शिरा त्यातून मोठ्या दिसत होत्या. पंख टोकाकडे वाकला, थेंब घरंगळला आणि पंख झटक्यात पूर्ववत वर आला. वाळवीच्या काही जातींच्या पंखांवर बारीक केसांबरोबर तारकांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे थेंब वरच्यावर तोलला जातो.

खरी अडचण वाफेने दाखवली. गरम पाण्याच्या पेल्यावर वीतभर उंच पंख धरला, तेव्हा वाफ केसांच्या मधल्या जागेतच निवून धुळीएवढे थेंब झाले. ते एकमेकांत मिसळत कडेला पोचले आणि पंख लांबीच्या दिशेने सुरळीसारखा वळला. या पाण्याचे वजन पहिल्या थेंबापेक्षा कमीच असावे, तरीही पंख दुमडला तो पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आकसू पाहतो त्या ओढीमुळे, असे माझे मत आहे. सव्वादोन मिलिमीटरच्या थेंबाच्या परिघावर पृष्ठताणाचा जोर त्या थेंबाच्या वजनाच्या सुमारे आठपट भरतो आणि थेंब लहान होत जातो तसे हे प्रमाण वाढतच जाते. डासांच्या पंखांचीही धुक्यात अशीच घडी पडते, हे अमेरिकेतील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले आहे.

पाणी वाळल्यावर सातपैकी चार पंख आपोआप उलगडले; उरलेल्या तिघांची टोके घडीतच चिकटून राहिली, आणि कुंचल्याने सोडवताना त्यांतील एक फाटला, याची हळहळ वाटली.

तुलनेसाठी हिप्परगा तलावाच्या काठावर सापडलेल्या मृत चतुराचा पंख घेतला. त्यावरही वाफेचे थेंब बसले, पण पंख वळला नाही, कारण चतुराच्या पंखाला शिरांच्या ओळीने पन्हळी पत्र्यासारख्या चुण्या असतात आणि त्या त्याला लांबीच्या दिशेने ताठ ठेवतात. गळलेला, सुकलेला पंख जिवंत पंखापेक्षा कडक असतो, म्हणून हे निष्कर्ष मी उडत्या पाखराला सरसकट लावत नाही. पुढच्या पावसानंतर पंख गळताक्षणी उचलून, आलेखाच्या कागदासमोर धरून, तो थेंबागणिक किती वाकतो याचे मोजमाप घेणार आहे.