उणे दोन दिवस

आज अर्धा दिवस एका निळ्या पट्टीशी भांडण्यात गेला.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मॅन्युअलचं वेळापत्रक लावत होते; त्यात प्रत्येक काम एका पट्टीने दिसतं. लेखन १० दिवसांचं. ते संपायच्या दोन दिवस आधी तपासणी सुरू व्हायला हवी, म्हणून तपासणीच्या ओळीत प्रेडिसेसरच्या (आधीच्या कामाच्या) रकान्यात '३एफएस-२डी' टाकलं: तिसऱ्या ओळीतलं काम संपलं की हे सुरू (फिनिश-टू-स्टार्ट), पण दोन दिवस आधी. (लीडसाठी, म्हणजे असं आधी सुरू करण्यासाठी, वेगळा रकाना नाहीच; लॅगच, म्हणजे दोन कामांमधला थांबाच, उणे करायचा.) पट्टी ढिम्म हलेना!

घोळ माझाच. मागच्या आठवड्यात तपासणीची तारीख हाताने टाईप केली होती. सॉफ्टवेअरने त्याचा अर्थ घेतला, 'या तारखेच्या आधी सुरू करायचं नाही'. ते बंधन काढलं आणि पट्टी सुतासारखी सरळ मागे सरकली.

दुपारी लेखन १५ दिवसांवर गेलं, तर तपासणीही पाच दिवस पुढे! बरोबरच आहे म्हणा, लीड मोजला जातो तो आधीच्या कामाच्या शेवटापासून. मला मात्र लिखाण सुरू झाल्यावर आठ दिवसांनी तपासणी हवी होती. म्हणजे 'एसएस+८डी' (स्टार्ट-टू-स्टार्ट, सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत आठ दिवस). लेखन १० दिवसांचं होतं तोवर दोन्हींचं उत्तर एकच येत होतं, म्हणून फरक कळलाच नाही.

आता उरलेल्या चाळीस ओळींत मी कुठेकुठे तारखा टाईप करून ठेवल्यात, ते उद्या शोधायचंय.