ग्लेन मेला म्हणून नाही, फसवलं म्हणून लोकांनी सिरीज सोडली

'द वॉकिंग डेड'चा विषय निघाला की पाच मिनिटांत एक वाक्य हमखास येतं, "अरे सातव्या सीझनला सोडली मी, ग्लेनला मारलं ना, तिथंच बंद केली, बघवलंच नाही." नाशिकच्या कॉलेज रोडला चहाला उभे असू, ऑफिसात डबा खात असू नाहीतर कुणाच्या हळदीला गेलेलो असू, वाक्य तेच. आणि मला ते पटत नाही. म्हणजे लोकांनी सोडली हे खरंय, पण सगळ्यांचा लाडका ग्लेन मेला म्हणून सोडली हे खरं नाहीये, आणि हे मी इतक्या जणांशी इतक्या वेळा बोललोय की आता एकदाचं नीट लिहूनच टाकतो. ज्यांना अजून बघायचीये त्यांनी इथंच थांबा कारण पुढं सगळं फुटणारे.

आधी थोडक्यात. मेलेली माणसं झाँबी होऊन उठतात आणि उरलेली माणसं जगायची धडपड करतात अशी ही गोष्ट, रॉबर्ट कर्कमनच्या कॉमिकवरून ही सिरीज आली, ३१ ऑक्टोबर २०१० ला अमेरिकेत एएमसी चॅनलवर सुरू झाली आणि २० नोव्हेंबर २०२२ ला संपली, ११ सीझन, १७७ भाग. पहिला सीझन फक्त सहा भागांचा. तेव्हा आपल्याकडं ओटीटी वगैरे काही नव्हतं, हार्डडिस्क या घरातून त्या घरात फिरायची आणि आमच्यात सगळ्यात आधी बघून मोकळा व्हायचा तो माझा दिंडोरीकडचा मित्र, त्याची द्राक्षबाग आहे. नवा सीझन दरवर्षी ऑक्टोबरात यायचा आणि नेमकी तेव्हाच त्याची गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाला फळ धरायची छाटणी, चालू असायची, दिवसभर बागेत मजुरांच्या मागं आणि रात्री डोळे ताणून एपिसोड, तरी एक सोडायचा नाही.

दुसरा सीझन सगळ्यांना बोअर वाटतो. अटलांटा सुटलं, झाँबींची गर्दी गेली आणि सगळे जण हर्शेल नावाच्या म्हाताऱ्याच्या शेतावर येऊन नुसते बोलत बसलेत, असं लोक म्हणतात. माझ्यासाठी तोच सगळ्यात भारी सीझन आहे आणि दिंडोरीवाल्यासाठी पण, फक्त आमची कारणं वेगळी. तो शेतकऱ्याच्या नजरेनं बघायचा. म्हणायचा, म्हातारा मला पटतो, जग बुडालं तरी गोठा सोडत नाही, पाण्याची विहीर जपतो, आलेल्या लोकांना पहिल्यांदा विचारतो की तुम्ही जाणार कधी. पण त्याला राग पण यायचा, कारण पुढच्या सीझनांमध्ये दोन-दोन वर्षं लोटली तरी रस्त्याच्या कडेचं गवत कापल्यासारखं दिसतं. "आमचा बांध दोन महिने सोडला तर गाजरगवत कमरेला लागतं, आणि इथं सगळी माणसं मेलीत तरी लॉन कोण कापतंय?" ही तक्रार जगभरच्या प्रेक्षकांनी केलीये, गवताची, वर्षानुवर्षं चालणाऱ्या पेट्रोलची, न संपणाऱ्या गोळ्यांची. पण बागेत पाऊस झाला आणि फवारणी चुकली की डावणी रोग काय करतो हे ज्यानं बघितलंय त्याच्या तोंडून ती ऐकली ना की वेगळीच वाटते, कारण तो खरंच विचार करत असतो की माणूस गेल्यावर जमीन किती दिवसात परत जंगल होईल.

मला दुसरा सीझन का आवडतो तर त्यात माणसं वाद घालतात. कॅरलची मुलगी सोफिया हरवते आणि अख्खा अर्धा सीझन तिला शोधण्यात जातो, लोक चिडतात की कशाला एवढा वेळ, आणि मग हर्शेलच्या खळ्यातल्या कोठाराचं दार उघडतं, एकेक वॉकर, म्हणजे झाँबी, बाहेर येतो, सगळ्यांना गोळ्या घालतात आणि शेवटी ती येते. सगळे थिजतात आणि या लोकांचा म्होरक्या रिक पुढं होऊन तिला गोळी घालतो. तो सगळा संथपणा या एका मिनिटासाठी होता आणि तो वसूल होतो. कॉमिकमध्ये सोफिया जगते आणि कॅरल मरते, सिरीजमध्ये उलट केलं, आणि मेलिसा मॅकब्राईडनं त्या कॅरलचं पुढं जे केलं, नवऱ्याचा मार खाणारी बाई ते सगळ्यात थंड डोक्यानं निर्णय घेणारी बाई, ते कॉमिकवाल्यांना पण मान्य करावं लागतं. नंतर त्या पकडलेल्या रँडल नावाच्या पोराला मारायचं की नाही यावर म्हातारा डेल एकेकाच्या मागं फिरतो, जवळपास कुणीच त्याचं ऐकत नाही. झाँबी सिरीजमध्ये एक पूर्ण भाग एका पोराच्या जिवावर चर्चा करण्यात घालवायला हिंमत लागते.

आता ताईचं. माझी मावसबहीण, आयसीयूत सिस्टर आहे. तिला असलं काही बघायची अजिबात आवड नव्हती, २०२० मध्ये ड्युटीनंतर क्वारंटाईनमध्ये एकटी खोलीत बसून होती म्हणून मी सुचवली आणि नंतर मलाच वाटलं की या बाईला आपण काय बघायला लावलं. पण तिनं बघितली. आणि चौथ्या सीझनवर तिचं जे मत आहे ते मी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचलेलं नाही. त्या सीझनमध्ये हे लोक ज्या तुरुंगात राहत असतात तिथं तापाची साथ येते, वॉकरपेक्षा ताप जास्त माणसं मारतो, आणि हर्शेल आजारी लोकांच्या वॉर्डात स्वतःहून जातो. तो जनावरांचा डॉक्टर. झाडपाल्याचा काढा करतो, ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांच्या घशात नळी घालून श्वास देणारी अंबू बॅग हातानं दाबत बसतो, आणि कुणी गेलं की ते बाकीच्या पेशंटना दिसू नये म्हणून स्ट्रेचर वॉर्डाबाहेर नेतो आणि मग काय करायचं ते करतो, कारण या सिरीजमध्ये मेलेला प्रत्येक जण उठतो, चावलेला असो नसो, विषाणू सगळ्यांच्याच अंगात आहे. ताई म्हणाली, "हे ज्यानं लिहिलंय तो वॉर्डात कधीतरी उभा राहिलेला असणार." अंबू दाबणाऱ्याचा हात दुखतो पण तो थांबू शकत नाही, आणि शेजारच्या बेडवरचा सगळं बघत असतो, हे तिला खरं वाटलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकनं ऑक्सिजनसाठी काय बघितलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यानंतर एकदा ती आपणहून म्हणाली की मला तो म्हातारा आठवत होता. हर्शेलला पुढं गव्हर्नर नावाचा शत्रू तलवारीनं मारतो. ताई खूप रडली, पण सिरीज सोडली नाही. हे लक्षात ठेवा.

कारण लोकांना मरण सहन होत नव्हतं असं म्हणतात ना, तर या सिरीजनं पहिल्यापासून मारलीच आहेत माणसं. डेल गेला, रिकची बायको लोरी बाळंतपणात गेली, हर्शेल गेला. प्रत्येक वेळी लोक चिडले, रडले आणि पुढच्या आठवड्यात परत आले. पाचव्या सीझनचा पहिला भाग अमेरिकेत १ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांनी बघितला, या सिरीजचा तोच सगळ्यात मोठा आकडा, आणि तो एवढी मरणं झाल्यावरचा आहे.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते सहाव्या सीझनला, २०१५ च्या ऑक्टोबरात. ग्लेन कचऱ्याच्या मोठ्या डब्यावरून वॉकरांच्या गर्दीत पडतो, आतडी ओढताना दाखवतात, त्याचा चेहरा, किंकाळी, आणि भाग संपतो. पुढच्या भागांच्या सुरुवातीला येणाऱ्या कलाकारांच्या यादीतून ग्लेन करणाऱ्या स्टीव्हन यूनचं नाव पण काढून टाकलं. चार आठवडे जगभर लोक सुतक पाळल्यासारखे, आणि मग दाखवलं की अंगावर दुसऱ्याचं प्रेत होतं, आतडी त्याची होती, ग्लेन डब्याखाली सरकून वाचला. आमच्या ग्रुपात आनंद नाही झाला कुणाला, खरंच नाही झाला. ग्लेन म्हणजे पहिल्या सीझनपासूनचा पिझ्झा डिलिव्हरीवाला पोरगा, सगळ्यांचा लाडका, तो वाचला तर उड्या मारायला हव्या होत्या. पण दिंडोरीवाल्यानं फक्त एवढंच लिहिलं, "येडा बनवलं राव."

आणि त्याच सीझनच्या शेवटी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, निगन हा नवा खलनायक येतो. जेफ्री डीन मॉर्गननं काय काम केलंय, नुसता चालत येतो तरी पोटात गोळा. सगळे गुडघ्यावर, तो काटेरी तार गुंडाळलेली बॅट फिरवत एकेकासमोरून जातो, बॅट उगारतो, आणि कॅमेरा मार खाणाऱ्याच्या डोळ्यातून. कोण मेलं ते दाखवलंच नाही. ते कळलं ऑक्टोबरात. म्हणजे दिंडोरीवाल्याची उन्हाळ्यातली खरड छाटणी झाली, पावसाळा गेला, गोडी छाटणी आली, तेव्हा कुठं कळलं.

ताईनं हे नंतर सलग बघितलं, तिला थांबावं लागलं नाही. पण मी तिला सांगितलं की आम्हाला एवढं थांबवलं होतं तर ती खूप चिडली, माझ्यावर चिडल्यासारखी. म्हणाली, "माणूस गेला की बाहेर उभ्या असलेल्या घरच्यांना लगेच सांगायचं असतं, स्पष्ट शब्दात सांगायचं असतं, आम्हाला पहिल्यांदा तेच शिकवतात. त्यांना ताटकळत ठेवून तू काय कमावतोस?" मी इतकी वर्षं जे समजावून सांगायचा प्रयत्न करत होतो ते तिनं दोन वाक्यात सांगितलं.

दिवाळीच्या आधीचा सोमवार होता तो, २४ ऑक्टोबर २०१६, अमेरिकेत रविवारी रात्री लागला आणि आपल्याकडं सोमवारी. रात्री आम्ही गंगापूर रोडला एका मित्राच्या घरी जमलो, आत काकू चिवड्याचे पोहे भाजत होत्या. आधी त्यांच्यातलाच अब्राहम गेला, आणि श्वास सोडतोय तोवर ग्लेन. तो शेवटी बायकोला, मॅगीला, काहीतरी सांगायचा प्रयत्न करतो, ते मला आजही बघवत नाही. कॉमिकमध्ये पण ग्लेन निगनच्याच हातून मरतो, त्यामुळे मरण खोटं नव्हतं, सिरीजनं काही वेगळं केलं नव्हतं. पण डब्याखालून एकदा वाचवून, मग सहा महिने ताणून दिलेलं ते मरण होतं. लोकांना राग आला तो याचा. त्या दिवशी अमेरिकेत १ कोटी ७० लाख लोकांनी बघितलं आणि पुढच्याच आठवड्यात आकडा सव्वा कोटीवर आला. लोक थांबले होते फक्त उत्तर ऐकायला, ते मिळालं आणि उठून गेले. शेवटच्या भागाला २२-२३ लाख उरले होते. आता यात लोक टीव्ही सोडून स्ट्रीमिंगवर गेले हे पण आहे, ते मी नाकारत नाही, पण एका आठवड्यातली घसरण स्ट्रीमिंगनं होत नाही.

आठव्या सीझनबद्दल फार लिहीत नाही, रिकच्या मुलाला, कार्लला मारलं तिथं उरलेसुरले पण गेले. ऑफिसातला एक ज्युनिअर कॉमिक वाचून आलेला, त्याचं म्हणणं की कॉमिक संपतं कार्लवर, बापानं ज्या जगासाठी एवढं केलं ते जग जगणारा तो पोरगा, त्यालाच मारल्यावर गोष्ट कुणाची उरली? बरोबर आहे त्याचं. मला पण याचं उत्तर सिरीजमध्ये कुठं सापडलं नाही.

पण म्हणून सांगतो, नववा सीझन बघा. अँजेला कँगनं सूत्रं घेतली तिथून सिरीज परत माणसांकडं आली. पहिल्याच भागात हे लोक वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये जातात, बंदुका आणायला नाही, जुना नांगर, घोडागाडी आणि बियाणं आणायला! पेट्रोल संपत आलंय, गाड्या घोडे ओढतायत, पूल बांधायचं काम चालू आहे आणि पुलावर कोण किती दिवस राबणार यावरून भांडणं. मी दिंडोरीवाल्याला फोन करून एवढंच सांगितलं की अरे नांगर आणलाय त्यांनी. त्यानं त्याच रात्री परत सुरू केली. रिक पाचव्या भागात जातो, रिक करणारा अँड्र्यू लिंकन नसताना काय बघायचं असं मला पण वाटलं होतं, पण पुढं सहा वर्षांची उडी घेऊन वॉकरांची कातडी तोंडावर बांधून कुजबुजत फिरणारी माणसं आली, सामंथा मॉर्टनची अल्फा आली, आणि जत्रेनंतर खांबांवरची ती मुंडकी. तिथंही दहा जणांना मारलं. पण आधी खोटं काही दाखवलं नाही, कुणाला सहा महिने लटकवलं नाही, बातमी जशी आहे तशी समोर ठेवली. आमच्यातल्या एकानंही तिथं सोडली नाही.

दहाव्या सीझनच्या शेवटी निगनच्या बायकोची गोष्ट येते, तिचा कॅन्सर, केमोची औषधं थंड राहावी म्हणून जनरेटर चालू ठेवायची त्याची धडपड. निगनबद्दलचं ताईचं मत तिथं बदललं. ती म्हणते निगनला मॅगीनं माफ करायला हवं होतं, माणूस एवढा बदलला तर. दिंडोरीवाला म्हणतो अजिबात नाही. यावरून दोघांची माझ्या घरी कडाक्याची भांडणं झालीयेत. मी मॅगीच्या बाजूनं आहे. शेवटच्या भागात ती त्याला तोंडावर सांगते की मला तुझा द्वेष करत जगायचं नाहीये, पण मी तुला माफ करू शकत नाही. लिहिणाऱ्यांना तिथं दोघांना जवळ आणून सगळ्यांचे डोळे पुसणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही, ग्लेनचं मरण हलकं होऊ दिलं नाही, आणि सातव्या सीझनला उठून गेलेल्या प्रत्येकानं निदान तो प्रसंग तरी बघावा असं मला मनापासून वाटतं.