बेस-रोव्हरचा रेडिओ जुळवताना: माझा अनुभव

जमीन मोजणीत ओळखीच्या बिंदूवर उभा केलेला उपग्रह-रिसीव्हर म्हणजे बेस आणि हातात घेऊन फिरायचा तो रोव्हर. बेसकडून येणाऱ्या दुरुस्तीच्या आकड्यांवरून, म्हणजे करेक्शनवरून, रोव्हर जागच्या जागी सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान काढतो; यालाच आरटीके म्हणतात. गोव्यात पणजी, म्हापसा, मडगाव भागात मोबाइलचे नेटवर्क चांगले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीओआरएस (कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांच्या) जाळ्यावरून करेक्शन घेतले की काम भागते. सत्तरी-सांग्याच्या दऱ्यांत उतरले की मात्र नेटवर्क तुटते. मग स्वतःचा बेस, स्वतःचा रोव्हर आणि दोघांमध्ये यूएचएफ (अतिउच्च वारंवारितेचा) रेडिओ एवढाच मार्ग उरतो. इथे जो तो आधी वॅट वाढवायला धावतो. माझा अनुभव सांगतो, की दुवा बहुतेक वेळा अँटेनाच्या जागेवरून किंवा न जुळलेल्या सेटिंगवरून तुटतो, ताकद कमी पडल्याने क्वचितच.

सगळ्यात आधी परवाना. हे रेडिओ साधारण ४०३ ते ४७३ मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि तिथे प्रक्षेपण करायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वारंवारिता वाटणाऱ्या शाखेकडून वारंवारिता मिळवावी लागते. जी मिळाली तीच भरायची. कारखान्यातून भरून आलेले चॅनल तसेच वापरू नयेत. दाबोळीला नौदलाचा तळ असलेल्या राज्यात तर मुळीच नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा १ वॅटपर्यंत परवानामुक्त आहे, पण त्यासाठी दोन्ही टोकांना वेगळे रेडिओ लागतात.

जोडणी नेहमी ऑफिसात, दोन्ही यंत्रे टेबलावर ठेवून, सर्वांत कमी ताकदीवर करतो. पाच गोष्टी दोन्हीकडे तंतोतंत सारख्या हव्यात: वारंवारिता, चॅनलची रुंदी (१२.५ की २५ किलोहर्ट्झ), प्रोटोकॉल (डेटा मांडून पाठवायची पद्धत), हवेतला वेग (सेकंदाला किती बिट) आणि एफईसी (चुका दुरुस्त करण्यासाठी जोडलेले जादा बिट). वारंवारिता बरोबर असून बाकीच्यांतली एकच जरी चुकली तरी फसवे चित्र दिसते. रोव्हर सिग्नलची पट्टी भरलेली दाखवतो, कारण लहर पोचते आहे. पण करेक्शनचा आकडा शून्यच राहतो, कारण ती उलगडत नाही. असे दिसले की अँटेनाला हात लावू नका, प्रोटोकॉल आणि एफईसी तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांचे बेस आणि रोव्हर असतील तर ट्रिमटॉक ४५०एस किंवा ट्रान्सपरंट ईओटी या प्रोटोकॉलवर बहुधा जुळते.

वेगाचा हिशेब आधीच करावा. ३० उपग्रह, प्रत्येकी दोन सिग्नल धरले तर आरटीसीएम ३ या करेक्शनच्या प्रमाण मांडणीतल्या एमएसएम४ संदेशांना सेकंदाला सुमारे ४५०० बिट लागतात, जास्त तपशील देणाऱ्या एमएसएम७ला ७०००च्या आसपास. १२.५ किलोहर्ट्झवर ९६०० बिटचा वेग असेल तर एमएसएम४ आरामात बसते. एमएसएम७ त्यावर एफईसीसकट चढवले की एका सेकंदाचा माल सेकंदात जात नाही आणि रोव्हरवर करेक्शनचे वय १ वरून ३, ५, ७ असे चढू लागते. रोजच्या आरटीकेला एमएसएम४ पुरते. सोबत बेसचे स्थान सांगणारा १००५ किंवा १००६ क्रमांकाचा संदेश चालू आहे ना, हे पाहावे. तो नसेल तर डेटा येत राहतो, पण रोव्हर आरटीकेत शिरतच नाही.

आता अँटेनाची जागा. गोव्यात बेस सड्यावर (टेकडीच्या माथ्यावरच्या सपाट कातळावर) लावतात, ते योग्यच आहे; पण उघडे आकाश बघून सड्याच्या मधोमध लावतात तिथे गडबड होते. मधोमध उभ्या अँटेनाला सड्याची कडाच आडवी येते आणि खालची दरी सावलीत जाते. रेडिओचा अँटेना कडेजवळ, जिथून कामाची जागा डोळ्यांनी दिसते तिथे हवा. जीएनएसएसचा (उपग्रहांचे सिग्नल घेणारा) अँटेना ओळखीच्या बिंदूवर राहू द्या. रेडिओचा वेगळ्या काठीवर, काही मीटर दूर लावा, म्हणजे ३५ वॅटची लहर उपग्रहांच्या क्षीण सिग्नलवर आदळणार नाही. केबल मात्र उगाच लांब नको. उंचीचा फायदा मोठा असतो. मोकळ्या सपाट जमिनीवर अँटेना २ मीटरवरून ४ मीटरवर नेला की साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे ताकद चौपट केल्यासारखेच, आणि बॅटरीवर भार शून्य.

चोडण-दिवाडीच्या खाजनांत (बांध घातलेल्या खाडीकाठच्या सखल शेतांत) वेगळेच दिसते. समोर सगळे सपाट, तरी बांधावर चालताना दुवा मधेच जातो. पाण्यावरून परावर्तित लहर सरळ लहरीला छेद देते. काठी थोडी पुढे-मागे सरकवली की परत येतो. काजू-माडांच्या दाट राईत, विशेषतः पाने भिजलेली असताना, पल्ला चांगलाच घटतो. तिथे टेकडीवर रिपीटर (सिग्नल घेऊन पुन्हा पुढे पाठवणारा रेडिओ) ठेवणे हाच खरा उपाय.

अँटेना जोडल्याशिवाय रेडिओ कधीही चालू करू नये. ताकद परत फिरते आणि आतला अँप्लिफायर जळतो. अँटेनावर लिहिलेला वारंवारितेचा पट्टाही वाचावा. ४१० ते ४३०चा अँटेना ४६५ला लावला तरी तोच धोका, फक्त सावकाश.

बेसला बाहेरून जोडलेला ३५ वॅटचा रेडिओ प्रक्षेपणाच्या क्षणी ८ अँपिअरच्या आसपास ओढतो. वायर बारीक असेल, समजा ०.१ ओहमची, तर ०.८ व्होल्ट तिथेच जातात. बॅटरी निवांत असताना १२.६ दाखवते आणि रेडिओ तरीही दर सेकंदाला बंद-चालू होतो. म्हणून व्होल्टेज प्रक्षेपणाचा दिवा लागलेला असताना, रेडिओच्या टोकाशी मोजावे. रेडिओ सावलीत ठेवावा आणि १० वॅटवर काम होत असेल तर १०वरच चालवावा.

फिक्स (रोव्हरवर सेंटिमीटर-अचूक स्थान) मिळाला म्हणून लगेच मोजणी सुरू करत नाही. आधी दुसऱ्या ओळखीच्या बिंदूवर रोव्हर टेकवतो. फरक २-३ सेंटिमीटरच्या आत आला नाही तर बेसचे निर्देशांक आणि अँटेनाची उंची पुन्हा पाहतो: तिरपी मोजली की उभी, हे तिथेच उघड होते. संध्याकाळी अँटेना-केबलचे टीएनसी जोड सुक्या कापडाने पुसून टोपण लावून ठेवतो, कारण खाऱ्या हवेत पितळेवर हिरवा थर लवकर चढतो आणि पल्ला कशामुळे घटला ते पुढे शोधत बसावे लागते.