चार्जिंगचं काय करता?

हिरव्या पाटीची, म्हणजे विजेवर चालणारी गाडी घेतल्यापासून लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातूनही एकच प्रश्न येतो: चार्जिंगचं काय करता? विचारताना बरेच जण माझ्या नवऱ्याकडे बघतात. वायर मी ओढून घेतली, सोसायटीशी मी भांडले, त्यामुळे उत्तरही मीच देते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी वेळेचं बघू. लहान गाडीची २४ युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर भरायला आठ-नऊ तास लागतात, हे ऐकून लोक दचकतात. पण रोज रिकामी करतं कोण? शहरात माझं जाणं-येणं चाळीस किलोमीटरच्या आतलं. एका युनिटमध्ये गाडी सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोजची गरज सहा-सात युनिटांची. साध्या प्लगवर ३.३ किलोवॅटने, म्हणजे तासाला साधारण तीन युनिटांनी, ती दोन-सव्वादोन तासांत भागते. बाकी रात्रभर गाडी नुसती उभीच असते. भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर रोज लांब जाणाऱ्याला उपयोगी. पण काही गाड्यांची घरच्या विजेवर चार्ज व्हायची मर्यादाच ३.३ आहे, त्यांना तो लावला काय, न लावला काय. म्हणून मी उलट विचारते: गाडी रात्री जिथे उभी राहणार, तिथपर्यंत तुमच्या मीटरची वायर येते का?

बंगलेवाल्यांना वाटतं हा प्रश्न त्यांचा नाहीच. माझ्या ताईचं कराडला घर आहे, पुढे पोर्च, पोर्चमध्ये प्लग. तिने गाडी आणली, चार्जर लावला आणि लाल दिवा लागला. चार्जर बिघडलेला नव्हता, घराला धड अर्थिंगच, म्हणजे गळणारा करंट जमिनीत सोडणारी जोडणीच नव्हती. फ्रिज, टीव्ही, मिक्सर अर्थिंगवाचूनही मुकाट चालतात, गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर अडून बसतो. न्यूट्रल (परतीची वायर) आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. वायरमनने घरामागे खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून नवी प्लेट पुरली, तेव्हा कुठे हिरवा दिवा दिसला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, हे काम आता भाऊजींकडे.

दुसरं, ‘गिझरच्या प्लगवर चालेल ना?’ गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, गाडी तासन् तास तेवढाच करंट ओढते. जिथे स्क्रू जरासा सैल, तिथे हळूहळू तापत जातं आणि सकाळी प्लगचं प्लास्टिक वितळलेलं सापडतं. मीटरपासून स्वतंत्र, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिच्यावर करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी, एवढं हवंच. अंतर जास्त असेल तर वायर आणखी जाड. एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्ज करणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांच्या शेजाऱ्यांना सांगते.

आता सोसायटी. आमची इमारत नव्वदच्या दशकातली: खाली पार्किंग, एका कोपऱ्यात मीटर रूम. वायरचं काम खरं तर एका दिवसाचं. माझ्या मीटरमधून पाइपातून वायर न्यायची, खांबाला कुलपाचा डबा ठोकायचा, झालं. पण भिंत सोसायटीची, खांब सोसायटीचा, म्हणून ना-हरकत पत्र. कमिटीतल्या एका काकांनी विचारलं, ‘तू गाडी लावलीस की लिफ्ट बंद पडणार नाही ना?’ प्रश्नाला हसायची सोय नव्हती, कारण त्याच्या पोटात एक बरोबर शंका होती: इमारतीला येणारा लोड किती आणि तो किती गाड्या पेलेल? माझा मंजूर लोड वाढवून घेतला, त्याचा कागद दाखवला, काका गप्प झाले.

खरा तिढा पुढे होता. आमच्याकडे सभासद जास्त, पार्किंग कमी, म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा मिळतात. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींतच (नमुना नियमांत) ती पद्धत आहे आणि पेट्रोलच्या गाड्यांसाठी ती अगदी न्याय्य आहे. पण चार्जिंगची वायर काही दरवर्षी चिठ्ठीमागे फिरू शकत नाही. यंदा मीटर रूमशेजारची जागा आली, पुढच्या वर्षी पाण्याच्या टाकीपलीकडची आली, तर काय करायचं? सभेत यावर तासभर वाद झाला. कुणी म्हणालं, हिला कायमची जागा दिली तर सगळेच मागतील. शेवटी ठरलं ते असं: ज्याची गाडी विजेची, त्याने आपल्या चिठ्ठीची जागा मीटर रूमच्या रांगेतल्या माणसाशी बदलून घ्यायची, दोघांच्या सह्यांनिशी. ही काही योजना नव्हे, तडजोड आहे. रांगेत जागा चारच, पाचवी गाडी आली की तडजोड मोडेल. त्यापेक्षा सगळ्यांसाठी एक-दोन सामायिक चार्जर, ज्याने जितकी वीज घेतली तितके पैसे त्याच्या नावावर, हा मार्ग टिकाऊ. पण त्यासाठी सोसायटीने आधी खर्च करावा लागतो, आणि आमच्याकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचाच निधी अजून जमतोय. केंद्राच्या नमुना इमारत नियमांत २०१९ साली वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची तयारी ठेवण्याची दुरुस्ती झाली; ती नव्या इमारतींसाठी. आमच्यासारख्या जुन्यांना सभा आणि सह्यांचाच रस्ता.

बिलाचं विचाराल तर तिथे एक गोम आहे. महिना हजार किलोमीटर म्हणजे साधारण दीडशे युनिट. आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, त्यावर आणखी महाग. घरात आधीच दोनशे युनिट जळत असतील तर गाडीची पन्नासेक युनिटं तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते, म्हणजे तिची युनिटं घरच्या बिलात मिसळत नाहीत. वेगळ्या मीटरचा स्थिर आकारही (वापर असो-नसो, दरमहा लागणारी रक्कम) येतो, म्हणून अर्ज करण्याआधी बिल घेऊन गणित मांडा. आणखी एक: स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत देतं. तेव्हा घरून काम करणाऱ्याने रात्रीऐवजी भरदुपारी गाडी लावावी, मग भलेही सासूबाई म्हणोत, ‘दिवसाढवळ्या कसली गाडी चार्ज करता?’

राहिले ते ज्यांच्याकडे ना पोर्च, ना पार्किंग. माझा मामेभाऊ सदाशिव पेठेत राहतो. त्याची गाडी रात्री जिथे फट मिळेल तिथे, कधी दोन गल्ल्या सोडून. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून फुटपाथवर वायर सोडायची हौस मी त्याला करू दिली नाही. पावसाळ्यात त्या वायरवरून कुणाची तरी आजी जाणार असते. लंडनमध्ये कित्येक रस्त्यांवर दिव्याच्या खांबातूनच गाडी रात्रभर चार्ज होते, घरासमोर जागा नसलेल्यांसाठी तशी सोय केली आहे. पेठेतल्या खांबांवर सध्या केबलची वेटोळी आणि वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत.

त्याच्यापुढे उरतात बाहेरचे फास्ट चार्जर. तिथे युनिटला वीस रुपयांच्या आसपास किंवा वर, त्यात १८ टक्के जीएसटी. पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं तरी, पण घरच्या चार्जिंगमुळे जी मोठी बचत होते ती बरीच खाली येते, शिवाय रविवारची सकाळ चार्जरपाशी रांगेत जाते. मी त्याला बॅटरी काढून घरात नेता येते अशी स्कूटर सुचवली. बायको आणि दोन मुलं बसणार कुठे, असं त्याने विचारलं, तेही खरंच. त्याच्या ऑफिसच्या तळघरात चार्जर आहेत, पण सकाळी अकरानंतर पोचणाऱ्याला एकही रिकामा मिळत नाही, आणि त्याची शिफ्ट दुपारची. त्याने यंदा सीएनजीची गाडी घेतली. मी अडवलं नाही.